गुंजेची माळ आणि सोन्याचा तोळा

दागिना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोने उभे राहते. हे दोन शब्द आपल्या समाजात इतके एकजीव झाले आहेत की, ‘मुलीला काय घातले?’ या प्रश्नाचे उत्तर वस्तूच्या नावाने येत नाही, तोळ्यांच्या आकड्याने येते. इतिहासाला मात्र हे समीकरण फारसे ठाऊक नाही. आजवर ज्ञात असलेल्या अतिप्राचीन सुवर्णालंकारांचा मोठा साठा बल्गेरियातील वार्ना येथील दफनभूमीत १९७२ पासून उजेडात आला. ते दागिने सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. याउलट मोरोक्कोतील बिझमून गुहेत सापडलेले, भोके पाडलेले लहान शंख किमान १,४२,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. मानवाच्या अलंकारप्रियतेला शंभर पायऱ्यांचा जिना मानले, तर त्यातील पंचाण्णव पायऱ्या माणूस सोन्यावाचून चढला आहे. सोने त्याला भेटले ते शेवटच्या चार-पाच पायऱ्यांवर.

मग त्या पंचाण्णव पायऱ्यांवर माणसाने अंगावर काय घातले? शंख, शिंपले, हाडे, दात, अंड्यांची कवचे, झाडांच्या बिया. सामग्री अशी की वाटेवर पडली तरी कोणी उचलू नये, आणि हत्यारे त्याहूनही साधी. तरीही या क्षुल्लक वस्तूंवर माणसाने अपार कष्ट घेतले. ते त्याने का घेतले, आणि दागिन्याला मोल नेमके कशाने येते, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दागिन्यांतील सर्वांत गरीब घटकाचा, म्हणजे साध्या मण्याचा, इतिहास येथे मांडण्याचा आमचा मानस आहे.

पाटण्याचा मणी

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्लॉम्बॉस नावाची गुहा आहे. तेथे सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या थरांत वाटाण्याएवढ्या शंखांचे मणी मिळाले. ४१ मण्यांचा पहिला वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध झाला. शंखाच्या तोंडातून हाडाचे टोकदार हत्यार आत घालून त्याच्या पाठीला भोक पाडलेले आहे. दोरा सतत घासल्यामुळे भोकाच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, आणि काही शंखांवर गेरूचा तांबडा अंश राहिला आहे. म्हणजे हे मणी कोणीतरी दीर्घकाळ अंगावर वागविले होते.

अशा प्राचीन मण्यांसाठी आफ्रिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात तेथे उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी त्यांच्या हाती आले. तेथील कवचाचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथेही डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांना एका दफनात, मृताच्या मानेजवळ, असेच मणी आढळले. आज आपल्या देशात शहामृग रानात आढळत नाही, म्हणून ही गोष्ट ऐकणाऱ्याला नवल वाटते. परंतु भारतात सापडलेल्या कवचांतील डीएनएचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि हिमयुगाच्या उत्तरकाळात हा पक्षी आपल्या भूमीवर वावरत होता हे त्यातून सिद्ध झाले. खानदेशच्या माळावर शहामृग धावत होते आणि त्यांच्या अंड्यांच्या कपच्या वेचून कोणीतरी माळ ओवीत होते, हे चित्र डोळ्यांपुढे आणताना मन थक्क होते.

हा मणी कसा घडतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण आफ्रिकेच्या कालाहारी प्रदेशातील सान लोकांनी ही कला आपल्या काळापर्यंत जिवंत ठेवली. शहामृगाचे अंडे त्यांच्याकडे पाण्याचे भांडे म्हणून वापरले जाते. ते फुटले की त्याचे तुकडे टाकून न देता स्त्रिया ते बाजूला ठेवतात. कवचाची जाडी साधारणपणे दोन मिलिमीटर असते. प्रथम त्याचे नखाएवढे तुकडे करावयाचे. प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी अणकुचीदार टोच्याने भोक पाडावयाचे. पूर्वी हे टोक गारगोटीचे असे, पुढे लोखंडाचे आले. टोच्याची दांडी दोन्ही तळव्यांमध्ये धरून, रवी फिरवावी तशी फिरवितात. या घाईत किती तरी तुकडे फुटतात. जे उरतात त्यांच्या ओबडधोबड कडा टिचवून ते दोऱ्यात घट्ट ओवतात, आणि मग ती सबंध सर खरबरीत दगडावर घासतात. एकेक मणी वेगळा घासला तर लहानमोठा होईल. सारे एकत्र घासले म्हणजे एकमेकांच्या आधाराने सगळे सारखे गोल होतात. सारी हत्यारे एवढीच: टोच्या, दोरा आणि दगड.

या शेवटच्या कृतीपाशी आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. मणी एकट्याने गोल होत नाही. तो माळेत बसल्यावर गोल होतो.

देण्याघेण्याची माळ

आता कष्टांच्या कारणाकडे वळू. जेनिफर मिलर आणि यिमिंग वांग या दोन संशोधकांनी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील ३१ स्थळांच्या दीड हजारांहून अधिक कवचमण्यांची मापे घेतली. त्यांचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना असे दिसले की, सुमारे ५०,००० ते ३३,००० वर्षांपूर्वी सुमारे तीन हजार किलोमीटरांच्या टापूत लोक जवळजवळ एकाच घडणीचे मणी वापरीत होते. त्यानंतर हवामान पालटले, मधल्या प्रदेशात पुराचे पाणी वाढले आणि हे साधर्म्य संपले. मणी सारखे असणे ही परस्परसंबंधाची खूण, आणि ते वेगळे होणे ही तो संबंध तुटल्याची खूण, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षाला जिवंत समाजाचीही साक्ष मिळते. कालाहारीतील जुहोआन्सी या सान जमातीत ‘ह्झारो’ नावाची देण्याघेण्याची रीत होती. मानववंशशास्त्रज्ञ पॉली वीसनर यांनी १९७०च्या दशकापासून तिचा अभ्यास केला. एका कुटुंबातील व्यक्ती दूरच्या वस्तीवरील आपल्या भागीदाराला भेट देई, आणि त्या भेटींमध्ये मण्यांच्या कामाला मानाचे स्थान होते. परतभेट लगेच द्यावयाची नसे. ती महिन्यांनी, वर्षांनीही येई. दोहोंच्या दरम्यान जो काळ लोटे, तेवढा काळ नाते शाबूत आहे असे मानले जाई. दुष्काळ पडला, शिकार आटली, तर माणूस आपल्या या दूरच्या भागीदाराकडे जाऊन राही आणि तेथील पाणी व कंदमुळे त्यालाही खुली होत. शहामृगाच्या फुटक्या अंड्याचा दागिना हा त्या वैराण प्रदेशातील आधाराचा करार होता. बाजारात त्याला किंमत नव्हती, पण ऐन संकटात तो जीव वाचवी.

बियांची कहाणी

कवच घासण्याइतकेही कष्ट ज्यांना नकोत अशा मण्यांची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. आपल्याकडे पाणथळ जागी रणजोंधळा नावाचे गवत उगवते. त्याचे फळ टणक, चकचकीत, करड्या-पांढऱ्या अश्रूसारखे असते, आणि आतला देठ ओढून काढला की त्याला आरपार भोक तयार होते. टोच्याचीही गरज पडत नाही. सुईदोरा पुरे. नागा लोकांच्या दागिन्यांत हे बी पूर्वीपासून आहे. युरोपीयांनी त्याला ‘ईयोबाचे अश्रू’ असे नाव दिले. सर्वस्व गमावलेल्या त्या भक्ताच्या आसवांची माळ करून जगभरातील अनेक ख्रिस्ती लोकांनी त्यावर प्रार्थना केली.

दुसरे बी म्हणजे गुंज. लालभडक अंग आणि डोक्यावर काळा ठिपका असलेली ही बी कोकणातील मुलांनी खेळण्यासाठी वेचलेली असते. तिच्या पोटात जालीम विष आहे. बी चावली गेली तर ते जिवावर बेतू शकते. वनस्पतिशास्त्रात तिच्या लॅटिन नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘प्रार्थनेसंबंधीचा’ असा आहे, कारण तिच्या जपमाळा होत असत. आणि हीच गुंज आपल्याकडे सोनाराच्या तराजूतील वजन होती. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे शहाण्णव गुंजांनी तोळाभर सोने तोलले जाई. सोन्याची महती सांगण्यासाठी माणसाला अखेर रानातल्या बीचाच आधार घ्यावा लागला! एकच बी एका घरात माळेत ओवली जाई आणि दुसऱ्या घरात तागडीत पडे. एकीकडे ती प्रार्थना मोजी, दुसरीकडे धन.

मोजणीचे दोन प्रकार

प्रार्थना मोजण्याची गरज ख्रिस्तसभेत फार लवकर उत्पन्न झाली. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात पौल नावाचे एक तापस रोज तीनशे प्रार्थना म्हणत. तेवढेच खडे ते कुशीत घेऊन बसत आणि प्रत्येक प्रार्थनेनंतर एक खडा खाली टाकीत. पुढे खड्यांची जागा गाठी मारलेल्या दोरीने व मण्यांच्या सरीने घेतली. ज्यांना लॅटिन स्तोत्रे वाचता येत नव्हती अशा निरक्षर भाविकांचा हा ग्रंथ होता. इंग्रजीत मण्याला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थच ‘प्रार्थना’ असा आहे. जप आणि मणी यांचे ऐक्य भाषेनेही असे नोंदवून ठेवले.

मण्याला मागणी वाढली तशी कारागिरीही वाढली. पॅरिसचे नगरप्रमुख एत्येन ब्वालो यांनी इ. स. १२६८च्या सुमारास शहरातील कारागीर-संघांचे नियम एकत्र लिहवून घेतले. त्यांत जपमाळेचे मणी करणाऱ्यांचे निरनिराळे संघ आहेत: हाड आणि शिंगाचे मणी करणारे एक, पोवळ्यांचे व शिंपल्यांचे करणारे दुसरे, अंबर या अश्मीभूत राळेचे करणारे आणखी वेगळे. या यादीत समाजाची उतरंड स्पष्ट दिसते. धनिकाच्या हातात पोवळे, गरिबाच्या हातात खाटकाकडून आलेल्या हाडाचा गोल केलेला तुकडा. पण दोन्ही माळांवर प्रार्थना एकच होती, आणि तिचे वजन करणारा तराजू पॅरिसच्या कोणत्याही बाजारात नव्हता.

पोर्तुगीज भाषेत ‘कोंता’ असा शब्द आहे. आमच्या किनाऱ्याचा त्या भाषेशी जुना संबंध. या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात: मणी आणि हिशेब. मण्याच्या इतिहासातील सर्वांत काळे पान या दुसऱ्या अर्थापाशी उघडते.

ते समजण्यासाठी काचेच्या मण्याकडे वळले पाहिजे. काच म्हणजे वाळू आणि खार यांचा रस. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे दोन हजार वर्षांपूर्वी या काचेचे बारीक मणी होत. कारागीर वितळलेल्या गोळ्यात पोकळी करून तो आकड्याने ओढीत, लांबच लांब पोकळ नळी तयार होई, तिचे बारीक तुकडे पाडीत आणि ते राखेत घोळवून पुन्हा तापवीत. राखेमुळे भोके बुजत नसत आणि कडा गोल होत. आंध्र प्रदेशातील पापनायडुपेट या गावाने ही रीत अगदी अलीकडच्या काळापर्यंत जपली. असे भारतीय काचमणी मोसमी वाऱ्यांवर स्वार झालेल्या गलबतांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि तेथून आत खोलवर पोहोचले. दक्षिण आफ्रिकेतील मापुंगुब्वे हे तेराव्या शतकातील राजधानीचे ठिकाण. तेथील राजदफनांत सोन्याचा पत्रा चढविलेला गेंडा मिळाला, तसेच हजारो काचमणीही मिळाले. ज्या लोकांपाशी सोने होते त्यांनी काचेला सोन्याच्या शेजारी स्थान दिले. इतकेच नव्हे, तर त्या भागातील कारागिरांनी हे परदेशी बारीक मणी वितळवून, मातीच्या साच्यांत ओतून आपल्या पसंतीचे मोठे मणी घडविले. येथवर मणी दोन किनाऱ्यांना जोडीत होता.

पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर युरोपीय जहाजे आली. व्हेनिसच्या भट्ट्यांतील काचमणी त्यांच्या मालात होते. कापड, लोखंडाच्या कांबी, बंदुका, मद्य आणि मणी यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली गेली. ‘हेन्रिएटा मेरी’ हे इंग्रज गुलामवाहू जहाज कॅरिबियन बेटांवर माणसे विकून परतत असता १७०० साली फ्लोरिडाजवळ बुडाले. १९७२ साली त्याचे अवशेष सापडले. समुद्राच्या तळातून वर काढलेल्या वस्तूंमध्ये हजारो काचमणी आहेत, आणि लोखंडी बेड्याही आहेत. काही बेड्या इतक्या लहान आहेत की त्या मोठ्या माणसाच्या मनगटाला बसणार नाहीत.

या व्यापारात ख्रिस्ती राष्ट्रे सामील होती, हे सत्य आम्ही ख्रिस्ती लोकांनी दडवून चालणार नाही. ज्या बोटांनी रविवारी जपमाळेचे मणी ओढले त्याच बोटांनी सोमवारी माणसाच्या बदल्यात मणी मोजून दिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ फेब्रुवारी १९९२ रोजी सेनेगलमधील गोरे बेटावरील गुलामांच्या घराला भेट दिली आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांच्या या पापाबद्दल क्षमायाचना केली. दोष मण्याचा नव्हता. कालाहारीतही तो क्षुल्लक वस्तूचा होता आणि गोरे बेटावरही. कालाहारीत मणी देणारा समोरच्याला आपला मानीत होता. गोरे बेटावर देणारा समोरच्या माणसाची किंमत करीत होता.

तारेची साखळी

या काळ्या पानानंतर एक उजळ पान वाचकांपुढे ठेवतो. व्हिएतनाममधील आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर न्वेन वान थुआन यांना १५ ऑगस्ट १९७५ रोजी अटक झाली. तेरा वर्षे ते बंदिवासात होते, त्यांतील नऊ वर्षे एकान्तकोठडीत. तुरुंगात धार्मिक खूण बाळगण्यास मनाई होती. लाकडे तोडण्याच्या कामावर असताना त्यांनी पहारेकऱ्याच्या संमतीने लाकडाचा एक लहानसा क्रूस कापून घेतला आणि साबणाच्या वडीत लपवून ठेवला. पुढे दुसऱ्या तुरुंगात त्यांनी एका पहारेकऱ्याकडे विजेच्या तारेचा तुकडा मागितला. पहारेकरी घाबरला, कारण बंद्याला तार कशाला हवी असते हे त्याला ठाऊक होते. ‘मला क्रुसासाठी साखळी करावयाची आहे,’ असे त्यांनी सांगितले. काही दिवसांनी तो पहारेकरी तार आणि पकडी घेऊन आला आणि दोघांनी मिळून कडीत कडी अडकवून ती साखळी पूर्ण केली.

१९८८ साली त्यांची सुटका झाली. पुढे रोममध्ये त्यांनी उच्च पदे भूषविली, २००१ साली ते कार्डिनल झाले आणि २००२ साली त्यांचे निधन झाले. बिशपांच्या गळ्यात सोन्यारुप्याचा क्रूस असण्याचा प्रघात असताना त्यांनी अखेरपर्यंत हा लाकडाचा क्रूस, धातूच्या आवरणात बसवून, त्याच तारेच्या साखळीत वागविला. त्या साखळीच्या कड्या बंदी आणि पहारेकरी या दोघांच्या हातच्या होत्या. पाटण्याच्या मण्यापासून चालत आलेली परंपरा येथे आम्हांला पुन्हा भेटते. क्षुल्लक सामग्री, साधे हत्यार, कष्टांचे काही तास, आणि ज्यांनी एकमेकांचे वैरी असावयाचे त्या दोघांत जुळलेले नाते.

आमच्या घरांतील हिशेब

हा इतिहास सांगण्यामागे आमचा हेतू सोन्याची निंदा करण्याचा नाही. सोने सुंदर आहे, टिकाऊ आहे, आणि अडचणीच्या वेळी गहाण ठेवून अनेक मातांनी मुलांचे शिक्षण पूर्ण केले आहे. आमची चिंता वेगळी आहे. विवाहाची नोंद करण्यासाठी कुटुंबे धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात, तेव्हा मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर एक ओझेही दिसते. सोन्याचा भाव ऐकून त्यांची झोप उडालेली असते. कोणी जमिनीचा तुकडा काढलेला असतो, कोणी पतपेढीचे कर्ज. मागणी कोणी उघडपणे केलेली नसते. ‘तुमच्या इच्छेने घाला’ एवढेच म्हटलेले असते. परंतु लग्नानंतर शेजारणी तोळे मोजतात, आणि त्या मोजणीत मुलीचीही मोजणी होते. मणी देऊन माणूस विकत घेणे आणि सोने देऊन मुलीला मान विकत घेणे यांत अंतर खूप आहे, हे आम्ही जाणतो. पण दोन्हींकडे हिशेबाची दिशा एकच आहे, हेही नाकारता येत नाही.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांना आमची एक विनंती आहे. लग्नघरात जो काही थोडा वेळ मिळेल, त्यात नवऱ्या मुलीसाठी एक तरी अलंकार घरच्या हातांनी करावा. आजीला रणजोंधळा ठाऊक असेल, मावशीला काचेच्या पोतीचे विणकाम येत असेल, धाकट्या भावाला सुईत दोरा ओवता येत असेल. सोन्याच्या शेजारी ती माळ खुशाल असू द्यावी. मापुंगुब्वेच्या राजांनीही काच आणि सोने शेजारी ठेवले होते. मुलगी सासरी गेल्यावर सोने बँकेच्या पेटीत जाईल. घरची माळ खणात राहील, आणि ती कोणाच्या हातची आहे हे तिला सांगता येईल.

ज्यांच्या घरी तोळाभर सोनेही घालण्याची ऐपत नाही, त्यांना तर आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो की, त्यांच्या मुली उणेपणा घेऊन वेदीपाशी येत नाहीत. गुंजेची माळ घालून उभी राहिलेली मुलगी मानवाच्या अतिप्राचीन आणि सन्माननीय परंपरेत उभी आहे. तो तोळा मोजण्यासाठी सोनाराला तिच्या माळेतल्या शहाण्णव बिया लागत, एवढे तिने ध्यानात ठेवावे.